रोमान्स, भावगीत आणि नांदेडचा एक कवी



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा औशात थोडी चुळबुळ झाली, असं आमच्या कानावर आलं. 'रोमान्स' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातली बाग येते, झाड येतं, झाडाभोवती फिरणारी जोडी येते. ज्येष्ठ मंडळींनी संकोचू नये. आज ज्या रोमान्सबद्दल बोलायचं आहे तो युरोपच्या शास्त्रीय संगीतातला एक गानप्रकार आहे. आपल्याकडे ठुमरी म्हटलं की जसं एका विशिष्ट घडणीचं गाणं समजतं, तसं तिकडे रोमान्स म्हटलं की समजतं: एक कविता, एक गळा आणि मागे अगदी बेताची साथ.

हा परका प्रकार औशात कशाला आणला, असं कुणी विचारेल. कारण असं की त्याचा मराठीतला सख्खा भाऊ म्हणजे भावगीत, आणि भावगीत ही पुण्या-मुंबईची मिरास आहे असा समज मराठवाड्यात आजही घट्ट बसलेला आहे. तो समज अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा भाग आज मांडायचा आहे.

आधी शब्दाकडे बघू. 'रोमान्स' या शब्दाचा मूळ अर्थ प्रेम नाही. मध्ययुगीन युरोपात ग्रंथांची, धर्माची, कचेरीची भाषा लॅटिन. त्याच लॅटिनपासून बाजारात, घरात, शेतावर बोलल्या जाणाऱ्या भाषा तयार झाल्या. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन वगैरे. या लोकभाषेत बोलणं-लिहिणं म्हणजे 'रोमान्स'. पंडिताची नव्हे ती, लोकांची. पुढे त्या भाषेतल्या कथांना तेच नाव मिळालं, मग कथा सांगणाऱ्या गाण्यांना मिळालं, आणि शेवटी प्रेमाचा अर्थ येऊन चिकटला. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर रोमान्स म्हणजे 'देशी'.

स्पेनमध्ये हे गाणं आधी कथागीत होतं. लढाया, राजे, वेढे, दगाफटका. ओळ आठ अवयवांची, एकाआड एका ओळीच्या शेवटी स्वर जुळलेले. आपल्याकडे लहान अभंगाचा चरणही आठ अक्षरांचाच असतो. यातून आम्ही काही नातं सिद्ध करू पाहत नाही, फक्त एवढंच की चालत-बोलत म्हणायच्या गाण्याला आठाचं माप सोयीचं पडतं. १५३६ साली लुईस दे मिलान या वादकाचं 'एल माएस्त्रो' नावाचं पुस्तक छापलं गेलं. ते विहुएला या गिटारसारख्या तंतुवाद्याचं. त्यात वाद्याच्या तुकड्यांबरोबर गायचे रोमान्सही आहेत. रस्त्यावरचं कथागीत दरबारी वाद्याच्या साथीला येऊन बसलं, असा हा क्षण.

आता देशी म्हटलं की आपल्याला लांब जायची गरज नाही. 'मार्ग' आणि 'देशी' हा भेद भारतीय संगीतशास्त्रात फार जुना. मार्ग म्हणजे शास्त्रानं बांधलेलं, देशी म्हणजे त्या त्या मुलखातल्या लोकांना रुचलेलं. तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' या ग्रंथानं हा सगळा संसार एकत्र मांडला. तो कुठे लिहिला गेला? देवगिरीला, म्हणजे आपल्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवानं. शार्ङ्गदेवाचं घराणं काश्मीरचं, हुद्दा हिशेबखात्याचा. बाहेरून आलेल्या घरातला एक हिशेबनीस इथल्या देशी गाण्यांची नोंद करून ठेवतो! त्याच्याही शंभरेक वर्षं आधी कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं 'मानसोल्लास' लिहिला. कल्याणी म्हणजे निलंग्याच्या पलीकडचं बसवकल्याण. त्यात नोंद आहे की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी म्हणतात. कांडणाऱ्या बाईचं गाणं राजाच्या ग्रंथात आलं. आपल्या भागातल्या देशी गाण्याचा लेखी पुरावा इतका जुना आहे. पण ओवी ही कामाच्या लयीत म्हटलेली. रोमान्सचं तसं नाही, तो काम थांबवून गायचा असतो.

फ्रान्समध्ये या गाण्याला आजचं रूप आलं, आणि तिथे आपण जरा जास्त थांबू. अठराव्या शतकात ऑपेरा भरात होता. गायक-गायिका एकेका शब्दावर हरकती घेत, टाळ्या घेत, आणि शब्द काय होता हे लोक विसरत. (आपल्याकडे नाटकात एका पदाला सात-सात वन्समोअर पडत तेव्हा नाटकाचं काय होत असे, ते आठवा.) या सगळ्याला वैतागलेला एक माणूस म्हणजे ज्याँ-जाक रूसो. आपण त्याला 'सामाजिक करार'वाला विचारवंत म्हणून ओळखतो, पण त्याच्या पोटापाण्याचा एक धंदा संगीताच्या नकला उतरवून देण्याचा होता, आणि १७५२ साली त्यानं स्वतः एक छोटा ऑपेरा रचला होता. १७६८ च्या त्याच्या संगीतकोशात 'रोमान्स' या शब्दाखाली जे लिहिलं आहे ते आमच्या मते भावगीताची आजवरची सर्वांत चांगली व्याख्या आहे, जरी त्याला भावगीत हा शब्द माहीत असण्याचं कारण नव्हतं.

तो म्हणतो त्याचा आशय असा. चाल साधी हवी, हृदयाला भिडणारी हवी, किंचित जुन्या वळणाची हवी. तिच्यात कसलाही नखरा नको. पहिलं कडवं ऐकताना फारसं काही घडल्यासारखं वाटत नाही. पण प्रत्येक कडव्यागणिक आधीच्या कडव्याचा परिणाम साठत जातो, आणि शेवटी डोळे भरून येतात, ते नेमके कुठल्या जागेमुळे हे सांगता येत नाही. गायला काय लागतं? खरा, स्वच्छ आवाज, चोख उच्चार आणि साधेपणा. साथीच्या वाद्यानं तर या गाण्याचं नुकसानच होतं, इथपर्यंत तो जातो.

शेवटचं जरा टोकाचं आहे. पण बाकीच्याचा विचार करा. कडवं बदलतं, चाल तीच राहते. शब्द पुढे जातात, सूर जागेवर थांबतात. म्हणून तोच सूर दुसऱ्यांदा वेगळ्या शब्दावर येतो तेव्हा वेगळा लागतो. ख्यालात याच्या अगदी उलट असतं. तिथे शब्द दोन ओळींचे, तेच तेच, आणि सूर दर आवर्तनात नवे. ख्यालात शब्द हा पाट आणि सूर ही पूजा. रोमान्समध्ये दोघांनी जागा बदलल्या.

या प्रकारातलं जगातलं सर्वांत गाजलेलं गाणं १७८४ साली आलं. 'प्लेझीर दामूर', म्हणजे प्रेमाचं सुख. संगीतकार मार्टिनी. नाव इटालियन, जन्म जर्मन मुलखातला, कारकीर्द फ्रान्समधली. आणि फ्रेंच रोमान्स म्हटलं की पहिलं नाव याचंच घेतलं जातं. गाणं आजही जिवंत आहे. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एल्विस प्रिस्लेनं हीच चाल नव्या इंग्रजी शब्दांवर गायली आणि ती चाल जगभर पोचली. आता एक प्रश्न. मूळ कविता कुणाची? फ्लोरियां नावाच्या लेखकाची, त्याच्या एका कथेत ती आली होती. फ्लोरियांचं नाव फ्रान्सबाहेर किती जणांनी ऐकलं असेल? गाणं राहिलं, चाल राहिली, कवी गेला. हा फ्लोरियां लक्षात ठेवा, पुढे तो आपल्याला नांदेडला भेटणार आहे.

रशियात मात्र उलटं झालं. पुश्किननं १८२५ मध्ये अॅना केर्न या बाईसाठी एक कविता लिहिली. पुश्किन १८३७ मध्ये गेला. १८४० च्या सुमाराला ग्लिंका या संगीतकारानं त्या कवितेचा रोमान्स केला आणि तो कुणाला अर्पण केला, तर अॅना केर्नच्या मुलीला. कवी आईसाठी लिहितो, संगीतकार मुलीसाठी चाल लावतो. रशियन माणूस हे गाणं म्हणताना दोन्ही नावं घेतो. पुश्किनचं नाव तिथे गाण्याच्या आधीच घरोघर पोचलेलं होतं, हे त्याचं सरळ कारण. पुढे चायकोव्हस्कीनं असे शंभराच्या घरात रोमान्स रचले. बेथोवेननं तर व्हायोलिनसाठी दोन रोमान्स लिहिले, त्यात शब्दच नाहीत. गाण्याचा स्वभाव वाद्याला दिला. तो वेगळा विषय आहे, आज त्यात शिरत नाही.

आता औशाला परत येऊ. आपल्या गावात गाण्याची परंपरा कुठली? नाथ संस्थानची, चक्री भजनाची. टाळ, मृदंग, फेर धरून फिरणारे भजनी. त्यात एकाचा आवाज वेगळा ऐकू आला तर तो दोष समजतात. सगळ्यांचा मिळून एक गळा. लावणीत बाई एकटी गाते, पण ती फडासमोर गाते, ढोलकीच्या थापेवर, आणि तिची प्रत्येक अदा समोरच्या शंभर डोळ्यांना उद्देशून असते. शृंगार आहे, पण तो चारचौघांतला. नाट्यपदात पात्र गातं, प्रेक्षागृहासाठी. कीर्तनातलं पद समाजासाठी. म्हणजे मराठीत गाणं मुबलक होतं, पण एका माणसानं एका माणसाशी हळू आवाजात बोलावं तसं गाणं फारसं नव्हतं. कवितेत ते होतं, गाण्यात नव्हतं.

ही दरी बुजली ती गेल्या शतकाच्या विसाव्या-तिसाव्या वर्षांत, आणि त्यामागे दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे पुण्याचं रविकिरण मंडळ, १९२३ चं. या कवींनी कविता चालीवर म्हणून दाखवायला सुरुवात केली, गावोगाव. त्यातले माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, जन्मले बडोद्यात, शिकवत फारसी. त्यांनी फारसी-मराठी कोश केला आणि फारसीतून गझल मराठीत आणली. १९३३ चा 'गज्जलांजलि' हा त्यांचा संग्रह त्याचीच साक्ष. गझल म्हणजे तरी काय, एकानं एकाला उद्देशून म्हटलेली गोष्ट. आपली मराठी कविता हे फारसीच्या शेजारी बसून शिकली.

दुसरी गोष्ट अगदी यांत्रिक. ग्रामोफोनची तबकडी. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं मावायचं. ख्यालवाल्यांची त्यात कोंडी व्हायची. पण मुखडा आणि दोन-तीन कडवी? बरोबर बसतात. शिवाय तबकडी ऐकणारा घरी, एकटा किंवा चार जणांत. त्याच्यासाठी ओरडायचं कारण नाही. गाणारा त्याच्या कानाशी आला. रूसोला हवी होती ती परिस्थिती यंत्रानं आणली, हे रूसोला आवडलं असतं की नाही कोण जाणे.

जे. एल. रानडे यांच्यासारखे गायक आधीच या वाटेवर होते. पण भावगीत घराघरांत पोचलं ते १९३२ च्या सुमाराला, एचएमव्हीच्या एका तबकडीनं. गायक जी. एन. जोशी, चाल त्यांचीच. शब्द 'शीळ' या कवितेचे, ना. घ. देशपांडे यांचे. रानातून आलेल्या शिळेनं कावरीबावरी झालेली एक खेड्यातली मुलगी, एवढाच विषय. देशपांडे कुठले? मेहकरचे, बुलढाणा जिल्ह्यातले. वकिली करत, आणि जन्मभर मेहकर सोडून कुठे स्थायिक झाले नाहीत. 'खूणगाठी' या त्यांच्या संग्रहाला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जोशींचाही पाया विदर्भातला. मेहकर आपल्या मराठवाड्याला लागून, आणि एक गंमत अशी की वऱ्हाड तेव्हा कारभारानं इंग्रजांकडे असलं तरी कागदोपत्री निजामाचंच होतं. म्हणजे मराठी भावगीताची पहिली मोठी तबकडी निजामाच्या कागदी मुलखातल्या कवितेवर उभी आहे! पुण्याच्या मंडळींनी रागावू नये. गजाननराव वाटव्यांनी पुढे पुण्यातून भावगीत गणेशोत्सवाच्या मंडपात नेलं, हजारोंना ऐकवलं, त्याचं मोल आम्हाला ठाऊक आहे. आम्ही फक्त मुळाचा पत्ता सांगतो आहोत.

आणि खऱ्याखुऱ्या निजामी मुलखात त्या वेळी काय चाललं होतं? लातूर, औसा, निलंगा, उदगीर हा सगळा भाग हैदराबाद संस्थानात. लातूर जिल्हा तेव्हा नव्हता, तो १९८२ मध्ये झाला. दफ्तराची भाषा उर्दू. सरकारी शाळेत वरच्या वर्गात शिकायचं ते उर्दूत. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. मराठी पोरगं घरी मराठी बोले, मंदिरात अभंग ऐके आणि वर्गात भूगोलही उर्दूत पाठ करी. याचा जाच होता. मातृभाषेत शिकायची सोय नसणं ही काही गोड आठवण नाही, आणि आजकाल कुणी 'गंगा-जमनी' म्हणून त्याच्यावर साखर पेरतो तेव्हा आमच्या कपाळावर आठी पडते. १९३१ मध्ये हैदराबादला मराठी साहित्य संमेलन भरलं, श्रीधर व्यंकटेश केतकर अध्यक्ष होते, तेव्हा इथल्या माणसाला त्याचं एवढं अप्रूप का वाटलं ते यावरून कळेल.

पण जाचातूनही माणसाच्या हाती काही लागतं. शेजारच्या निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी पाहा. जन्म १९१०, निजामाच्या मुलकी सेवेत अधिकारी, इतिहासकार. उर्दू-फारसीवर त्यांची अशी पकड की गालिब मराठी वाचकाला समजावून सांगणारं पुस्तक त्यांनी लिहिलं. आणि गोदाकाठी नांदेडला १९१३ च्या ६ ऑक्टोबरला जन्मले वामन रामराव कांत. तेच वा. रा. कांत.

कांतांचं शिक्षण नांदेड आणि हैदराबादचं. नोकरी आधी निजाम सरकारच्या शेतकी खात्यात आणि नंतर रेडिओवर. शार्ङ्गदेव हिशेबखात्यात, कांत शेतकी खात्यात. आपल्या भागातल्या गाण्यावर कारकुनांचे उपकार बरेच आहेत. हैदराबादचा रेडिओ १९३५ पासून निजाम सरकारचा. त्यावर उर्दूला पहिला मान, पण तेलुगू, मराठी, कन्नड यांनाही वेळ मिळे. दफ्तरात जिला जागा नव्हती त्या मराठीला हवेत थोडी जागा होती. १९५० मध्ये हे केंद्र आकाशवाणीत गेलं. कांत पुढे मुंबई केंद्रावर आले, आणि ते साल महत्त्वाचं, कारण साठच्या आसपास मुंबई आकाशवाणी हे भावगीताचं माहेरघर झालं होतं. बाळकृष्ण केसकर १९५२ पासून केंद्रात माहिती-नभोवाणी मंत्री, त्यांनी सिनेमाची गाणी रेडिओवरून जवळजवळ हद्दपार केली. लोक रेडिओ सिलोन लावू लागले, ती फजिती प्रसिद्धच आहे. पण रिकाम्या झालेल्या वेळेत काहीतरी वाजवायला हवं होतं, म्हणून केंद्राकेंद्रावर सुगम संगीताचे विभाग निघाले, कवितांना चाली लावायचं काम संगीतकारांना मिळालं. 'भावसरगम'सारखा कार्यक्रम, यशवंत देव, श्रीनिवास खळे यांच्यासारखे संगीतकार हे त्या काळचं देणं. मंत्र्याचा हट्ट भावगीताच्या पथ्यावर पडला.

कांतांचं 'बगळ्यांची माळ' तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. आकाशातून अजूनही बगळ्यांची रांग जाते आहे, आणि कुणीतरी कुणाला विचारतं आहे, आपली भेट तुला आठवते का? बस, एवढंच. समोरून उत्तर येत नाही. कोण विचारतं, कुणाला विचारतं, कवी सांगत नाही. संध्याकाळी गोदावरीवरून बगळे रांगेनं परततात हे नांदेडकराला सांगावं लागत नाही. तरी हे गोदावरीचंच गाणं, असं ठरवून टाकायचा मोह आम्ही आवरतो. गाणं ऐकणाऱ्यानं आपापलं आभाळ त्यात घालावं यासाठीच कवीनं नदीचं नाव टाळलेलं असतं.

या गाण्याला चाल दिली श्रीनिवास खळ्यांनी. खळे बडोद्याचे. त्यांच्या चालींबद्दल गायक मंडळी म्हणतात, ऐकायला सोपी, गायला बसलं की घाम फुटतो. आणि गायले वसंतराव देशपांडे. वसंतराव मूर्तिजापूरचे, पुन्हा वऱ्हाड! नागपुरात वाढलेले, लाहोरला जाऊन शिकून आलेले. 'कट्यार काळजात घुसली' या नाटकात खाँसाहेब उभे करणारा हा गळा. त्यांच्या तानेचं वर्णन करताना लोकांना वीज आठवायची. असा माणूस हे गाणं गातो तेव्हा काय करतो? आवरतो. तान घ्यायला मोकळी जागा दिसते, घेत नाही. एखाद्या शब्दावर सूर जरा हलवतो, की शब्द उजळतो, आणि लगेच मागे सरतो. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याचा साधेपणा आणि ज्याच्याजवळ सगळं आहे त्यानं हात राखून केलेला साधेपणा यांत फरक असतो, आणि तो कानाला कळतो. रूसोनं नखरा नको म्हटलं होतं, त्याला हे ऐकवायला हवं होतं.

आता हिशेब मांडा. कवी नांदेडचा, शिक्षणाची भाषा उर्दू. संगीतकार गुजरातीच्या शेजारात वाढलेला. गायक वऱ्हाडातला, हिंदी-उर्दूच्या मुलखात फिरलेला. याच कांतांचं 'सखी शेजारिणी' गायले अरुण दाते, ते इंदूरचे. दात्यांना सुरुवातीला मराठीत गायचाच संकोच वाटे, आपले उच्चार हिंदीच्या वळणाचे आहेत म्हणून. मराठीच्या कडेला राहणारी ही सगळी माणसं. तिकडे जर्मन मार्टिनीनं फ्रेंच रोमान्स घडवला, इकडे हे. आमचं म्हणणं असं आहे की हा योगायोग नाही. जो दिवसभर दुसऱ्या भाषेत वावरतो तो घरी आल्यावर आपल्या भाषेतला शब्द जपून उच्चारतो. त्याला शब्दाचं वजन ठाऊक असतं, कारण त्याला तो दिवसभर वापरायला मिळालेला नसतो. आणि भावगीत हा शब्द जपून उच्चारायचाच प्रकार आहे. शिवाय शेजारच्या भाषेत प्रेमाची गोष्ट कशी बोलतात तेही त्याच्या कानावर असतं. कांतांच्या एका गीतात प्रियकर प्रेयसीला सांगतो की पूर्वीसारखं प्रेम आता माझ्याकडे मागू नकोस. ते ऐकताना फैज अहमद फैज यांची १९४१ च्या 'नक्श-ए-फरियादी' संग्रहातली नज्म आठवल्याशिवाय राहत नाही. मागणं तेच आहे. ज्यांनी उर्दू लादली म्हणून आपण लढलो, त्या राजवटीच्या शाळेत शिकलेल्या कवीनं त्याच भाषेतली सर्वांत कोवळी गोष्ट मराठीत आणून ठेवली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीनं दुसरी पुसली जात नाही.

यावर मराठवाड्यात एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. संस्थानात रझाकारांचा धुमाकूळ चालू, गावं पेटत होती, माणसं सरहद्दीवरच्या कॅम्पांत, आणि कवी प्रेमगीतं लिहीत बसले? कांतांपुरतं उत्तर सरळ आहे. १९४७ च्या त्यांच्या संग्रहाचं नाव 'रुद्रवीणा'. त्याच्याही आधीचा एक 'फटत्कार'. ही नावं काही शेजारणीची आर्जवं करणाऱ्याची नव्हेत. तोच कवी, तोच हात. पण उत्तर केवळ कांतांपुरतं देऊन चालणार नाही. आम्हाला वाटतं की प्रेमगीत हेही तेव्हा हक्काचंच बोलणं होतं. ज्या भाषेत अर्ज करता येत नाही, निकाल मिळत नाही, परीक्षा देता येत नाही, ती भाषा हळूहळू फक्त भजनाची आणि भांडणाची उरते. तिच्यात एकानं एकाला हळू आवाजात काही सांगितलं, आणि ते सुंदर सांगितलं, तर ती भाषा अजून घरात राहते आहे याचा तो पुरावा असतो. फेर धरून सगळ्यांनी मिळून गाणं ही आपली ताकद आहेच. एकट्यानं गाता येणं हीसुद्धा आहे. ती आपल्याकडे उशिरा आली.

आता फ्लोरियां. आम्ही ठिकठिकाणी विचारून बघतो. 'बगळ्यांची माळ' कुणाचं? वसंतरावांचं, असं ताबडतोब उत्तर येतं. थोडं संगीत ऐकणारा असेल तर खळ्यांचं. कवीचं नाव विचारलं की नजर छताकडे जाते. 'त्या तरुतळी' कुणाचं? बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांचं. कवी तोच आहे, वा. रा. कांत. 'राहिले दूर घर माझे', तेही त्यांचं. इथे मराठवाड्यातच ही गत आहे, मग इतरांना काय बोलायचं. जुन्या रेडिओला एक शिस्त होती. गाण्याआधी निवेदिका तीन नावं सांगायची: गीत, संगीत, स्वर. आणि पहिलं नाव कवीचं. तबकडीच्या लेबलावरही बारीक अक्षरात ते असायचं. आता मोबाइलवर गाण्याचा तुकडा येतो, त्यावर गायकाचं नाव असतं, फार तर नव्या गाणाऱ्या मुलीचं, कधी कधी कुणाचंच नाही. स्पर्धेत मुलं हे गाणं म्हणतात, परीक्षक सुरांच्या जागांवर बोलतात, शब्द कुणाचे हे विचारत नाहीत. ज्या गानप्रकारात शब्द हाच मालक, तिथे मालकाचंच नाव दारावरून गेलं.

दोष गायकांचा नाही. वसंतराव काय, फडके काय, त्यांनी शब्दाला कधी धक्का लावला नाही. गाणं फार चांगलं झालं की ते ज्याच्या तोंडी शोभलं त्याचंच होऊन बसतं, हे फ्रान्समध्ये झालं, इथे झालं. पण रशियातही तोच गानप्रकार आहे आणि तिथे पुश्किन विसरला गेला नाही, कारण त्याची कविता गाण्याच्या आधी शाळेत भेटते. कांतांची 'वेलांटी', 'दोनुली', 'मरणगंध' ही पुस्तकं आज लातूरच्या किंवा नांदेडच्या दुकानात मागून पाहा. दुकानदार आधी आडनाव विचारतो.

कांत ८ सप्टेंबर १९९१ ला गेले. गाणी लिहिणारा कवी म्हणून समीक्षकांनी त्यांना जरा बाजूलाच ठेवलं होतं आणि गाणी ऐकणाऱ्यांनी कवी म्हणून त्यांना ओळखलं नव्हतं. दोन्हीकडून मधेच.

बोलणं लांबलं. प्रश्न असतील ते नंतर घेऊ. आधी ती तीन-चार मिनिटं ऐकू, दिवा जरा मंद करा आणि मागच्या खिडक्या लावून घ्या, रस्त्यावरचा आवाज फार येतो. ऐकताना पहिल्या कडव्यात काही विशेष घडलं नाही असं वाटलं तर घाबरू नका, दुसऱ्या कडव्यापर्यंत थांबा. गीत वा. रा. कांत, नांदेड. संगीत श्रीनिवास खळे. स्वर वसंतराव देशपांडे.